लेफ्काराची लेस: पाटी त्याची, टाका तिचा

सायप्रस बेटाच्या दक्षिण भागात, त्रोओदोस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या चुनखडकाच्या टेकड्यांवर लेफ्कारा हे गाव आहे. त्याचे वरचे आणि खालचे असे दोन भाग असून भरतकामाची बहुतेक दुकाने वरच्या, म्हणजे पानो लेफ्कारा या भागात आहेत. गेल्या मे महिन्यात मी तेथे दोन दिवस राहिले, एका दुकानातून जेवणाच्या टेबलावर मधोमध टाकायची लेसची पट्टी विकत घेतली, त्याच दुकानात पर्यटकांसाठी चालणाऱ्या दीड तासाच्या टाक्यांच्या वर्गाला बसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पट्टीसंबंधी काही प्रश्न विचारले. हे परीक्षण त्या पट्टीचे, त्या दुकानाचे आणि त्या वर्गाचे आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या मला त्या गल्लीतील इतर दुकानांतही कमीअधिक प्रमाणात आढळल्या, आणि त्यांचे खापर एकाच मालकावर फोडणे न्याय्य होणार नाही.

प्रथम वस्तूविषयी. पट्टी सुमारे सव्वा मीटर लांब आणि हातभर रुंद आहे. कापड फिकट पिवळसर पांढऱ्या रंगाचे, चांगल्या वजनाचे लिनन आहे आणि त्यावरील काम सुती दोऱ्याने केलेले आहे. दोन्ही टोकांना सलग नागमोडी त्रिकोणांची ओळ आहे. या नक्षीला तेथे ‘पोतामोस’, म्हणजे नदी, असे म्हणतात. मधल्या चौकटींत कापडाचे धागे मोजून काढून टाकलेले आहेत आणि उरलेल्या धाग्यांना सुईने आवळून जाळी तयार केलेली आहे. कडेला सुईनेच रचलेली बारीक टोकदार झालर आहे. कापडावर पेन्सिलीने किंवा छापाने कोणतीही आकृती काढलेली नसते. काम करणारी बाई कापडाचे धागे मोजत जाते आणि सारी भूमिती तिच्या डोक्यात असते. एक धागा चुकला तर चूक पुढच्या चौकटीत दुप्पट होऊन दिसते. माझ्या पट्टीवर मी भिंग घेऊन शोधले, तेव्हा एका कोपऱ्यात एक टाका इतरांपेक्षा किंचित सैल असल्याचे आढळले. त्या टाक्याची हकिगत पुढे येईल.

पट्टी उलटी करून पाहिली तर मागची बाजू जवळजवळ पुढच्या बाजूसारखीच दिसते. गाठी नाहीत, एका नक्षीवरून दुसऱ्या नक्षीकडे ओढत नेलेले दोरे नाहीत. लेफ्कारितिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कामाची ही खरी परीक्षा आहे आणि ग्राहकाने दुकानात प्रथम तीच करावी. घरी आल्यावर मी पट्टी कोमट पाण्यात दोनदा धुतली, किंचित ओलसर असतानाच उलट बाजूने इस्त्री केली. जाळी आटली नाही, झालर वळली नाही. वस्तू म्हणून तिच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती वस्तूसोबत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीविषयी, आणि त्या गोष्टीत जे गाळले जाते त्याविषयी.

दुकानात पाऊल ठेवताच मालकांनी, आणि ते अतिशय सौजन्यशील गृहस्थ आहेत हे आधीच नमूद करते, लहान कपात कॉफी दिली आणि लिओनार्दो दा विंचीची कथा सांगितली: १४८१ मध्ये तो या गावात आला आणि मिलानच्या कॅथीड्रलसाठी येथील वस्त्र घेऊन गेला. ही कथा मी त्या दिवशी तीन दुकानांत ऐकली. तिला विश्वसनीय कागदोपत्री आधार नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लोरेन्सजवळच्या एका मठाने लिओनार्दोला वेदीसाठी मोठे चित्र काढण्याचे काम दिले होते आणि त्यानंतर लवकरच तो मिलानला गेला, एवढे मात्र ठाऊक आहे. व्हेनिसची सत्ताही सायप्रसवर १४८९ मध्ये आली, म्हणजे कथेतल्या भेटीनंतर आठ वर्षांनी. दंतकथा म्हणून ती गोड आहे. मला खटकले ते एवढेच, की पाचशे वर्षांपूर्वीच्या ग्राहकाचे नाव प्रत्येक दुकानदाराला पाठ आहे आणि माझ्या हातातील पट्टी कोणी केली, हे विचारल्यावर मिळालेले उत्तर होते, “गावातल्या बायका करतात.”

या उत्तरात खोटे काही नाही, परंतु एका मोठ्या व्यवस्थेचे ते तीन शब्दांतले वर्णन आहे. लेफ्काराच्या भरतकामाची परंपरा निदान चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते, असे युनेस्कोच्या नोंदीत म्हटले आहे. २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. बेटावरील जुने पांढऱ्यावर पांढरे भरतकाम, ज्याला ‘आस्प्रोप्लूमिया’ म्हणत, आणि व्हेनिसकडून आलेले जाळीकाम यांच्या मिलाफातून आजचे रूप घडले. काम करणाऱ्या स्त्रियांना ‘प्लुमारिसेस’ असे नाव आहे आणि विकणाऱ्या पुरुषांना ‘केंतितारिदेस’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे पुरुष पेट्या भरून गावाबाहेर पडू लागले, समुद्र ओलांडून इजिप्तला आणि युरोपच्या शहरांत जाऊ लागले, श्रीमंत घरांची दारे ठोठावून मालाची विक्री करू लागले. ते महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे परदेशी असत. परत आल्यावर त्या पैशातून त्यांनी गावात दगडी, दुमजली, लोखंडी सज्ज्यांची घरे बांधली, आणि आज पर्यटक ज्यांची छायाचित्रे काढतो त्यांत हीच घरे अधिक असतात.

म्हणजे कामाची विभागणी अशी होती: सुई घरात राहिली आणि पेटी जगभर फिरली. प्रवास, भाषा, ग्राहक, भाव ठरवण्याचा अधिकार आणि पैशाचा हिशेब पुरुषाकडे. कापड, दोरा, डोळे आणि पाठ स्त्रीकडे. भूमध्यसागरी गावांच्या अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ‘मान आणि लाज’ या जोडीचा फार ऊहापोह केला. पुरुषाचा मान घरातील स्त्रीच्या वर्तनावर अवलंबून असतो आणि म्हणून तिचे बाहेर वावरणे मर्यादित असते, असे त्या विवेचनाचे सार होते. त्या चौकटीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती योग्यही आहे, कारण त्याच गावांतील स्त्रिया ऑलिव्ह आणि कॅरोबच्या झाडांखाली, मळ्यात आणि कापणीला भर उन्हात राबत होत्या, त्यांना कोणी घरात कोंडले नव्हते. तरीही लेफ्कारात भरतकाम स्त्रीला इतके साजून का दिसले, याचे एक उत्तर त्या चौकटीत सापडते. उंबरठ्यावर किंवा अंगणाच्या कमानीखाली खुर्ची मांडून बसलेली, मान खाली घातलेली, शेजारणींच्या घोळक्यात असलेली स्त्री पैसे मिळवत होती आणि तरीही ‘घरातच’ होती. उत्पन्नही मिळावे आणि मर्यादाही सुटू नये, अशी सोय त्या कामात होती.

मालकांचे आजोबा असेच एक केंतितारी होते. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव आहे, भिंतीवर आजोबांचे आगबोटीच्या कठड्याशी टेकलेले छायाचित्र आहे, आणि कपाटात त्यांचे जुने पारपत्र काचेखाली ठेवलेले आहे. आजीविषयी विचारल्यावर मालक क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तिच्या हातासारखा हात गावात कोणाचा नव्हता.” तिचे छायाचित्र घरी आहे, दुकानात नाही.

या मालाचा दुसरा प्रवास कोणत्याही पेटीतून झाला नाही, तो संदुकीत झाला, आणि दुकानात त्याविषयी कोणी आपण होऊन बोलत नाही. मुलगी दहा-बारा वर्षांची होण्याआधीच आई किंवा आजी तिच्या हातात सुई देत असे आणि तेव्हापासून तिने केलेले चांगले काम तिच्या लग्नासाठी बाजूला पडत असे. पलंगपोस, उश्यांचे अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ, हे सारे कोरीव लाकडी पेटीत साठवले जाई. लापिथोससारख्या उत्तरेकडच्या गावांत बनणाऱ्या पाइनच्या अशा पेट्या बेटभर प्रसिद्ध होत्या. लग्नाच्या दिवसांत हे सगळे नातेवाइकांना पाहण्यासाठी मांडले जाई. मराठी वाचकाला रुखवत हा शब्द येथे सहज सुचेल, आणि तो पुष्कळसा लागूही पडतो. फरक एवढाच, की येथे मांडलेल्या प्रत्येक वस्तूवर मुलीच्या चिकाटीची आणि डोळ्यांची जाहीर परीक्षा होत असे. लग्नाची गादी शिवण्याचाही विधी असे: गादीच्या कोपऱ्यांवर लाल दोऱ्याने क्रूस शिवले जात, बायका तिच्याभोवती नाचत आणि शेवटी तिच्यावरून एक लहान मुलगा लोळवला जाई, कारण पहिले अपत्य मुलगा व्हावे. हा विधी काही लग्नांत आजही होतो.

हुंडा, ग्रीक भाषेत ‘प्रिका’, केवळ कापडाचा नव्हता. विवाह ठरताना दोन्ही कुटुंबांत लेखी करार होत असे आणि त्यात जमीन, झाडे, जनावरे, रोकड, भांडी आणि कापडे यांची मोजदाद असे. पीटर लोइझोस या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अर्गाकी या गावाचा अभ्यास केला आणि तेथे एक लक्षणीय बदल नोंदवला: विसाव्या शतकाच्या आरंभी नवदांपत्याचे घर सहसा वराकडून येत असे, परंतु काही दशकांत ते वधूकडून येऊ लागले, इतके की मुलीच्या बापाने घर बांधून दिल्याशिवाय लग्न जुळणे कठीण झाले. याचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरोधी आहेत. एकीकडे मुलीचा जन्म म्हणजे बापाच्या डोक्यावर घराचे ओझे, असे समीकरण पक्के झाले. दुसरीकडे विवाहित स्त्री आपल्या नावच्या घरात, बहुधा आपल्या आईच्या आणि बहिणींच्या शेजारात राहू लागली आणि नवरा हा त्या घरात येणारा माणूस ठरला. ज्या समाजाला आपण सरसकट पुरुषप्रधान म्हणून मोकळे होतो, त्यात स्त्रीच्या पायाखाली तिची स्वतःची जमीन असू शकते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. अर्थात ती जमीन मिळण्यासाठी तिला लग्न करावेच लागे, हेही तितकेच खरे.

हा सगळा भाग समजून घ्यायचा असेल तर दुकानाआधी गावातील पात्सालोस यांच्या घरातले संग्रहालय पाहावे. सायप्रसच्या पुरातत्त्व विभागाचे हे पारंपरिक भरतकाम आणि चांदीकाम यांचे संग्रहालय आहे. एका संपन्न कुटुंबाच्या घरातच ते मांडलेले असल्यामुळे पलंग, संदूक आणि टेबल यांवर ही वस्त्रे प्रत्यक्ष कशी वापरली जात, ते दिसते. चांदीची तार वळवून केलेले बारीक काम हा गावातील पुरुषांचा हस्तव्यवसाय होता आणि तो शेजारच्याच दालनात पाहिल्यावर, एकाच गावात बोटांची सारखीच सफाई असलेल्या दोन व्यवसायांपैकी एकाला कारागिरी आणि दुसऱ्याला गृहिणीचा गुण का मानले गेले, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

मी दुकानात हा प्रश्न विचारला. मालकांनी तो मनापासून ऐकला आणि पुन्हा लिओनार्दोकडे वळले.

आता वर्गाविषयी, कारण माझ्या मते या दुकानाची सर्वांत चांगली बाब तीच आहे. दीड तासाचे पंचवीस युरो घेतात आणि त्यात कापडाचा तळहाताएवढा तुकडा, सुई आणि दोरा मिळतो. आम्ही चौघीजणी होतो. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. दुकानातील सगळे त्यांना ‘स्तेते’ म्हणत, सायप्रसच्या बोलीत याचा अर्थ आजी. त्यांना इंग्रजी फारसे येत नव्हते, आणि त्याची उणीव भासली नाही. त्यांनी मांडीवर एक टणक उशी घेतली, कापड तिच्यावर टाचले आणि चार धागे मोजून एक काढून दाखवला. पहिल्या वीस मिनिटांत माझ्याकडून तीनदा नको तो धागा निघाला. चौथ्या वेळी त्यांनी माझी सुई काढून घेतली, माझे बोट धरून कापडावर ठेवले आणि डोळे मिटायची खूण केली. धागे दिसण्याआधी बोटाला कळतात, असे त्यांना सांगायचे होते, आणि खरोखरच त्यानंतर माझा हिशेब चुकला नाही.

वर्गाची व्यवस्था मात्र बरी नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत एकच खिडकी आहे आणि तिच्यासमोर मालाचे कपाट उभे केलेले आहे. ज्या कामात धागे मोजावे लागतात ते काम पिवळ्या दिव्याखाली शिकवणे हा शिकणाऱ्यांवर आणि त्याहून अधिक शिकवणाऱ्या बाईंवर अन्याय आहे. समोर अंगण होते, त्यात भरपूर उजेड होता आणि परंपरेने स्त्रिया तेथेच बसत आलेल्या आहेत. दुकानाने वर्ग अंगणात न्यावा, ही माझी पहिली सूचना.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन पुन्हा गेले, तेव्हा स्तेते दाराशी बसल्या होत्या. मी त्यांना तो सैल टाका दाखवला. मालकांच्या मुलीने दुभाष्याचे काम केले. स्तेतेंनी पट्टी उलटीसुलटी केली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या की नदी त्यांची आहे, झालर त्यांची आहे, परंतु तो कोपरा त्यांचा नाही. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो कोपरा सुनेने पुरा केला. सून लिमासोलच्या एका बँकेत काम करते आणि शनिवार-रविवारी सुई धरते. “तिला घाई असते,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग त्यांनी तो टाका सोडवून पुन्हा घालून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. दोन पिढ्यांमधला फरक ज्या एकमेव ठिकाणी मला हाताला लागला होता, तो पुसून टाकण्याचे काही कारण नव्हते.

किमतीविषयी मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पट्टीसाठी मी १४० युरो दिले. दुकानात बारा युरोंच्या लहान चकत्यांपासून हजाराच्या पुढे जाणाऱ्या टेबलक्लॉथपर्यंत माल होता आणि भावात घासाघीस करण्याची अपेक्षा नव्हती, हे मला आवडले. पट्टीला किती तास लागले असतील, असे मी मालकांना विचारले, तेव्हा ते “तीन आठवडे” म्हणाले. स्तेतेंना विचारले, तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. स्वयंपाक, नातवंडे आणि चर्च यांच्यामधून मिळेल तेवढा वेळ, त्याला तास कोण लावणार? बरेच खोदून विचारल्यावर त्यांच्या सांगण्यावरून माझा अंदाज सत्तर तासांचा झाला. सायप्रसमध्ये २०२४ मध्ये लागू झालेले राष्ट्रीय किमान वेतन महिना १,००० युरो होते. महिन्याचे १७० तास धरले तर ताशी सहा युरोंच्या आसपास दर पडतो, आणि सत्तर तासांचे चारशेहून अधिक युरो होतात. माझी पट्टी १४० युरोंना मिळाली, त्यात कापड, दोरा, दुकानाचे भाडे आणि मालकांचा नफा हे सगळे आले. म्हणजे ग्राहक म्हणून मला ती महाग वाटली, परंतु तिच्यातील मोठा भाग मला फुकट मिळाला आहे. घरातील स्त्रीचे काम हे ‘काम’ नसून वेळ घालवण्याचे साधन आहे, या जुन्या समजुतीवर आजचाही भाव उभा आहे, आणि त्या समजुतीचा फायदा घेणाऱ्यांत मीही आहे.

कायद्याने दरम्यान बरीच मजल मारली आहे. ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळाले त्या १९६० साली सायप्रसच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला. ऑर्थोडॉक्स नागरिकांचा विवाह आणि घटस्फोट चर्चच्या नियमांखाली होता. १९८९ मध्ये राज्यघटनेच्या १११ व्या कलमात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर नागरी विवाह आणि कौटुंबिक न्यायालये आली. शेजारच्या ग्रीसने १९८३ च्या कौटुंबिक कायद्याने हुंड्याची संस्थाच रद्द केली होती. सायप्रसमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार, विवाह मोडल्यास एका जोडीदाराच्या मालमत्तेत विवाहकाळात जी वाढ झाली असेल तिच्यात दुसऱ्याचा वाटा एक-तृतीयांश असल्याचे गृहीत धरले जाते. वेगळे प्रमाण सिद्ध झाले तर ते बदलते. न्यायालयात घरकामाला निदान एक अपूर्णांक मिळाला आहे. दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर तो अजून आलेला नाही.

गल्लीतील मालाच्या खरेपणाविषयी थोडक्यात. या दुकानासह अनेक ठिकाणी यंत्रावर केलेला आणि बाहेरून आणलेला माल हाताच्या कामाच्या शेजारीच रचलेला असतो. मालकांना सरळ विचारले तर ते खरे सांगतात, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु न विचारणाऱ्याला कळण्याची सोय नाही, आणि हा दोष मी गंभीर मानते, कारण स्वस्त यंत्रमालाशी तुलना होऊनच स्तेतेंच्या सत्तर तासांचा भाव पडतो. मागची बाजू पाहावी, गाठी आणि ओढलेले दोरे शोधावेत, चौकटींतील सूक्ष्म असमानता शोधावी. अगदी निर्दोष, छापील वाटावी अशी जाळी दिसली तर सावध राहावे. ज्यांना गावापर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी राजधानी निकोसियातील सायप्रस हस्तकला सेवेचे केंद्र पाहावे. तुर्कस्तानच्या आक्रमणाने बेट उत्तर आणि दक्षिण असे दुभंगले त्या १९७४ च्या युद्धानंतर, १९७५ मध्ये सरकारने ही संस्था उभारली. ज्या स्त्रिया त्या युद्धात बेघर झाल्या त्यांच्यापैकी अनेकींचे घर हे हुंड्यातले, स्वतःच्या नावचे घर होते, हे येथे आठवते.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. लेफ्कारात ग्रीक भाषकांबरोबर तुर्की भाषक सायप्रियोट कुटुंबेही राहत होती आणि त्या घरांतील स्त्रियाही हेच काम करत होत्या. बेटाच्या फाळणीत ती कुटुंबे उत्तरेकडे गेली आणि जाताना बोटांतली विद्या घेऊन गेली. उत्तरेत हेच भरतकाम आज ‘लेफ्कारा इशी’, म्हणजे लेफ्काराचे काम, या नावाने ओळखले जाते. नदी, जाळी आणि झालर तीच.

ज्यांना जायचे असेल त्यांनी शक्यतो सकाळी लवकर जावे, कारण अकरानंतर सहलींच्या बस येतात आणि मग कोणालाही प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही. सार्वजनिक वाहतूक तुरळक आहे. भाड्याची मोटार सोयीची. वर्गाची नोंदणी आदल्या दिवशी दूरध्वनीवर होते. चष्मा असेल तर तो विसरू नये आणि खिडकीजवळची जागा आधी धरावी. परतताना मी मालकांना विचारले, की प्रत्येक वस्तूला करणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी लावली तर काय बिघडेल? ते म्हणाले की मग ग्राहक थेट तिच्याच घरी जातील. हे उत्तर त्यांनी हसत दिले, परंतु त्या दोन दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकलेले सर्वांत खरे वाक्य तेच होते. दुकानाला मी पाचपैकी तीन गुण देते आणि पट्टीला पाचही. पावतीवर मालकांची सही आहे. मागच्या बाजूला मी स्तेतेंकडून त्यांचे नाव लिहून घेतले आहे, आणि त्याखाली त्यांनी, मी न सांगताच, सुनेचेही लिहिले.